खासगीचा रकाना

३ फेब्रुवारी

गुंजे,

आशीर्वाद गृहीत धर, आधी कामाचं. पत्र लिहितोय, कारण फोनवर तू 'हं' आणि 'बरं' एवढ्या दोन अव्ययांवर सगळं संभाषण चालवतेस, आणि हे प्रकरण अव्ययांवर निभावणारं नाही.

तुझ्या व्हॅनबद्दल करखात्याची नोटीस आली आहे. तुझी विवरणपत्रं मी भरतो म्हणून माझ्या पत्त्यावर आली. त्यांचं म्हणणं असं, की गेली तीन वर्षं तू व्हॅनचा सगळा खर्च, म्हणजे इंधन, विमा, टायर, दुरुस्ती आणि वर घसारा, धंद्याचा म्हणून उत्पन्नातून वजा करत आलीस. शंभर टक्के. नियम साधा आहे: गाडी धंद्यासाठी जेवढी पळाली तेवढ्याच खर्चाची वजावट, बाकीची तुझी हौस, ती तुझ्या खिशातून. शंभर टक्के वजावट म्हणजे तीन वर्षांत हौस शून्य. हे त्यांच्या पचनी पडत नाही. खरं सांगायचं तर भरताना माझ्याही पडलं नव्हतं. पण तू 'शंभर' म्हणालीस, आणि काटे तपासून पोट भरणाऱ्या बाईशी आकड्यांवरून वाद घालायची माझी छाती नाही.

शाळेत आम्हाला प्रत्यक्ष, अनुमान, शब्द अशी प्रमाणं घोकायला लावली. करखात्याचं दर्शन याहून सुटसुटीत आहे. त्यांच्यात एकच प्रमाण: गाडीची वही. तारीख, कुठून कुठे, मीटरचा आकडा, आणि कशासाठी. तुझ्याकडे अशी वही नसेल तर डोकं धरून बसू नकोस. मी बसल्या बैठकीला तयार करतो. गेल्या साली एका दंतवैद्याची केली. दोन निरनिराळी पेनं वापरली, मधल्या एका पानावर चहाचा डाग पाडला. त्या डागावर माझा जीव आहे.

मुदत पाच मार्चची. त्याआधी मिटवलेलं बरं, कारण एप्रिलमध्ये तुझ्या परवान्याचं नूतनीकरण आहे, आणि त्या अर्जावर 'माझ्याविरुद्ध खोट्या निवेदनाची चौकशी चालू नाही' असं सही करून द्यावं लागतं. वजनमाप खात्याला विनोद कळत नाही.

तुझा
दादा

ता. क. माझा न्हाणीघरातला वजनकाटा मला अजून ब्याऐंशी किलो दाखवतो. हा त्याचा दोष आहे. तीन वर्षं तू 'येते आणि बघते' म्हणतेस.


७ फेब्रुवारी

दादा,

वही आहे. तीन आहेत. झेरॉक्स सोबत.

दंतवैद्याचं मला सांगायला नको होतंस. आता त्यांच्याकडे दाढ दाखवायला जाईन तेव्हा मला तो डाग आठवणार.

शंभर टक्के कसे, ते लिहिते, म्हणजे तुला तिथे सांगता येईल. बाबा गेल्यावर कारखाना मी वरच्या मजल्यावर हलवला. वीस किलोची वीस वजनं रोज जिन्याने वर-खाली करणं मला जमत नाही, म्हणून ती व्हॅनमध्येच असतात. चारशे किलो. व्हॅनचं मागचं अंग कायम खाली बसलेलं. सकाळी निघते, औषधाची दुकानं, गोदामं, टपाल कचेरी, बेकरी, भंगारवाले, जिथे जिथे काटा आहे तिथे वजनं उतरवते, चढवते, काटा बरोबर असेल तर सील लावते, नसेल तर उघडते. परत येते. भाजी समोर मिळते. बँक चालत सहा मिनिटांवर आहे. चारशे किलो लोखंड घेऊन हौसेला कुठे जाणार.

प्रत्येक ओळीत मी निघतानाचा आणि परतल्याचा आकडा लिहिला आहे. पहिल्या दिवशी ८८,०१२, तुझ्याकडून गाडी घेतली तेव्हाचा. शेवटच्या ओळीत १,४१,५६०. मध्ये एकही किलोमीटर सुटलेला नाही. बेरीज तीनदा केली.

परवान्याची मला आठवण करून द्यायची गरज नव्हती. तो बाबांच्या नावावरून माझ्या नावावर यायला चार वर्षं लागली.

गुंज

काटा ब्याऐंशी दाखवत असेल तर तू ब्याऐंशी असशील.


११ फेब्रुवारी

गुंजे,

वह्या वाचल्या. वाचल्या म्हणजे खरोखर वाचल्या, कादंबरीसारख्या, आणि आमच्या धंद्यात हे कुणी करत नाही. एक हजार एकोणनव्वद नोंदी. 'बेकरी, पिठाचा काटा, चाळीस ग्रॅम जड, उघडला.' 'गोदाम, मालक हजर नाही, परत.' 'टपाल कचेरी, काटा बरोबर, कारकून नाराज.' आणि उजवीकडे 'खासगी' हा रकाना तू पट्टीने आखला आहेस, प्रत्येक पानावर, तीन वर्षं, आणि त्यात प्रत्येक ओळीला शून्य. रिकामा ठेवला असतास तरी चाललं असतं. तू शून्यं काढली आहेस, आणि सगळी एका आकाराची.

आतोबांनी, म्हणजे तुझ्या बाबांनी, तुझं नाव गुंज ठेवलं तेव्हा आत्या चिडली होती. सोनाराच्या तराजूत टाकायची लाल बी, हे काय मुलीचं नाव. पण त्या माणसाचा अंदाज कधी चुकत नसे.

काल नोटीस काढणाऱ्या अधिकारी बाईंना भेटून आलो. पन्नाशीच्या, शांत, बोलताना पेन्सिलीला टोक करत बसतात. वह्या त्यांना आवडल्या. फक्त शून्यं खुपतात. म्हणून एक सुचवतो, लगेच भडकू नकोस. दर महिन्याला तीस-चाळीस किलोमीटर खासगी घाल. एखादी बाग, एखादी मैत्रीण, एखादं लग्न. वजावट किंचित कमी होईल, पण तू माणूस वाटशील. खोटं बोलून स्वतःचंच नुकसान करून घेणाऱ्याला खातं हरकत घेत नाही.

आणखी एक: सुरुवातीच्या आकड्याचा पुरावा म्हणून त्यांना गॅरेजचे जुने कागद हवे आहेत. ते मी बघतो. तू त्या भानगडीत पडू नकोस, तुझ्यामागे कामं असतात.

दादा


१४ फेब्रुवारी

दादा,

खासगी घालणार नाही. नव्हतं ते कसं घालू.

बाग आणि लग्न तुझ्या मनात लगेच आलं, याचं मात्र कौतुक वाटलं.

गॅरेजचं काम मी केलं. त्यांच्या शेजारच्या भंगारवाल्याचा काटा बघायचा होताच. मेकॅनिक म्हणाला, "कागद शोधायला वेळ लागेल बाई. पण दार उघडा की, तेल बदलल्याची पट्टी चिकटवतो आम्ही." आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, आतल्या बाजूला, खरंच पट्टी आहे. तीन वर्षं मी त्या दारातून चढते-उतरते. कधी बघितली नाही.

पट्टीवर तारीख आहे दोन ऑक्टोबर. मी गाडी घेतली तेवीस ऑक्टोबरला. पट्टीवरचा आकडा ७९,२४०.

माझ्या वहीतला पहिला आकडा ८८,०१२.

एकवीस दिवसांत ८,७७२ किलोमीटर. दिवसाला चारशेच्या वर. तू तर जिन्यातही अर्ध्यावर थांबतोस.

मला वाटतं मीटर उडी मारतं. तसं असेल तर माझ्या तिन्ही वह्या खोट्या, आणि दर वर्षी मी सही केली आहे. दोन दिवस झाले, काम सुचत नाही. काल एका दुकानात दोन किलोचं वजन विसरून आले. असं कधी झालेलं नाही. उद्यापासून मोठ्या रस्त्यावर मैलाच्या दगडांवरून मीटर तपासते.

तुझी त्या ऑक्टोबरमधली वही असेल ना? तू कुठे कुठे गेला होतास ते बघून कळव.

गुंज


१७ फेब्रुवारी, सकाळ

गुंजे,

किती लहानशा गोष्टीचा तू पर्वत करतेस. मेकॅनिक नावाच्या प्राण्याची लेखनशुद्धी हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. त्याने दुसऱ्या कुणाच्या गाडीची पट्टी तुझ्या गाडीला चिकटवली असणार. अशा पट्ट्यांना पुरावा म्हणून कवडीचं मूल्य नाही. शिवाय ती दाराच्या चौकटीवर वाईट दिसते. ओल्या फडक्याने पाच मिनिटांत निघते, निघाली नाही तर थोडं रॉकेल.

मीटर वगैरे तपासत रस्त्याने फिरू नकोस. ते किलोमीटर कोणत्या रकान्यात घालणार, याचा विचार केलास का?

माझी त्या वर्षीची वही कुठेतरी माळ्यावर आहे. पाठ दुखतेय, त्यामुळे इतक्यात चढवणार नाही.

दादा


१७ फेब्रुवारी, दुपार

गुंजे,

सकाळचं पत्र पेटीत टाकून आलो आणि वाटलं, घाईत लिहिलं. एवढंच सांगायचं होतं, की तुझ्या वह्यांत काही चूक नाही. तू पहिल्या दिवसापासून जे लिहिलंस त्याच्याशीच खात्याला देणंघेणं आहे, त्याच्या आधीच्याशी नाही. वजावट फरकावर मिळते. सुरुवात कुठून झाली याला तात्त्विक महत्त्व असेल, व्यावहारिक नाही. तेव्हा निश्चिंत राहा. मीही निश्चिंत आहे.

ऑक्टोबरमध्ये मी बराच फिरलो होतो, आता आठवलं.

दादा


२१ फेब्रुवारी

दादा,

मीटर तपासलं. दोन्ही दिशांनी, शंभर-शंभर किलोमीटर, वजनांसकट आणि वजनांशिवाय. शंभराला तीनशे मीटर जास्त दाखवतं. सील लावण्याइतकं बरोबर आहे. उडी मारत नाही. (ते किलोमीटर 'उपकरण तपासणी' म्हणून लिहिले. ते माझं कामच आहे.)

गॅरेजच्या रजिस्टरमध्येही ७९,२४०च आहे. गाडीचा नंबर बरोबर. मेकॅनिकला ती गाडी आठवते, कारण तू त्याला तेलाच्या दर्जावर अर्धा तास व्याख्यान दिलं होतंस.

तुला एक सांगते. एखाद्या दुकानात शिरले आणि मी वजनं मांडत असताना दुकानदार गप्प बसला, तर बहुतेक काटा बरोबर असतो. तो बोलायला लागला, चहा विचारला, तब्येत विचारली, की मी आधी सील बघते. तू एका दिवसात दोन पत्रं लिहिलीस.

वही द्यायची म्हणजे शेवटी लिहून द्यायचं असतं, 'यातील सर्व आकडे माझ्या माहितीप्रमाणे खरे आहेत'. पहिल्या ओळीतला आकडा माझा नाही, तुझा आहे. गॅरेजचं रजिस्टर त्या बाईंच्या टेबलावर गेलं की त्यांना एवढंच दिसणार की गाडी माझ्याकडे येताना मीटर पावणेनऊ हजारांनी फिरलं. गाडी आज माझ्या नावावर आहे. मीटरशी खेळ केला म्हणून काटे तपासणाऱ्या बाईवर ठपका आला, तर त्यानंतर माझ्या सीलवर कोण विश्वास ठेवणार? परवाना गेला तर गेला, पण लोक ते सील बघून औषध घेतात.

पट्टी काढलेली नाही.

मला विचारायचं ते विचारते. मीटर तू फिरवलंस का?

गुंज


२४ फेब्रुवारी

गुंजे,

होय.

हा शब्द लिहून मी उठलो, खिडकी उघडली, बंद केली, कार्यालयाच्या बाहेर जाऊन स्वतःच्या नावाची पाटी वाचली, परत आलो. आता पुढचं.

गाडी विकण्याच्या आधीच्या वर्षी मी विवरणपत्रात लिहिलं होतं, की ग्राहकांकडे जाण्यासाठी व्हॅन अकरा हजार चारशे किलोमीटर पळाली. प्रत्यक्षात तीन हजार. ग्राहक माझ्याकडेच यायचे. मी फायलींची खोकी भरून त्यांच्याकडे जायचे दिवस केव्हाच संपले होते. वही मी रविवारी आरामखुर्चीत बसून लिहीत असे. मला त्यात गोडी लागली होती. कुठल्या गावात कुठला ग्राहक, रस्ता खराब म्हणून वळसा, एकदा तर टायर पंक्चर झाल्याचंही लिहिलं. लबाडी करतोय असं वाटत नसे. गद्यलेखन करतोय असं वाटे.

मग तू म्हणालीस, व्हॅन मला हवी. गाडी विकली की मीटरचा शेवटचा आकडा फोटोसकट खात्याला कळवावा लागतो. माझ्या वहीचा शेवट आणि मीटर यांत आठ हजार चारशेचं अंतर होतं. वही बदलता येत नव्हती, ती जमा झाली होती. म्हणून मीटर बदललं.

गावाबाहेर एक इलेक्ट्रिशियन होता. त्याला म्हटलं, मीटर फिरवायचं आहे. तो म्हणाला, "किती मागे?" मी म्हटलं, पुढे. त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "साहेब, गाडी विकायची आहे ना?" म्हटलं, हो. "मग पुढे कशाला? किंमत पडेल." म्हटलं, पडू दे. तीन वेळा विचारलं त्याने. शेवटी निम्मेच पैसे घेतले, मला वाटतं दया येऊन. जगात एवढे लोक मीटर मागे फिरवून घेतात, आणि खोटी वही खरी करायला ते पुढे फिरवणारा करसल्लागार त्याच्या नशिबी एकच आला.

आकडा जास्त म्हणून तुला किंमत कमी सांगितली. आणि मनात म्हटलं, चला, बहिणीचा फायदा झाला. माझ्या विवेकबुद्धीचा दर्जा तुला यावरून कळेल.

तू पावणेनऊ हजार म्हणतेस. त्यातले आठ हजार चारशे माझे. उरलेले तीनशे बहात्तर किलोमीटर गाडी त्या एकवीस दिवसांत खरोखर चालली. एवढा हिशेब मी तुझ्या भीतीने बरोबर ठेवला आहे.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकतो. प्रत्येक पत्रात मी तुला काटा बघायला बोलावतो. तू येत नाहीस याचं मला बरं वाटायचं. तू आली असतीस तर गाडी माझ्या दारात उभी राहिली असती आणि मला तिच्याकडे बघावं लागलं असतं.

काय करायचं ते तू सांग. एवढंच सांगतो, की हे खात्याला कळलं तर माझी नोंदणी जाते. सत्तावीस वर्षं झाली. पाटीवर दुसरं काही लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही.

दादा


२८ फेब्रुवारी

दादा,

पत्र मिळालं. दोन दिवस व्हॅनमध्येच ठेवलं होतं, वजनांच्या पेटीवर. कुठल्याच दुकानात ते घेऊन जावंसं वाटलं नाही आणि घरीही नेववलं नाही.

मीटर फिरवलेली गाडी दिलीस, ते मी कसंतरी समजून घेईन. पैसेही कमी घेतलेस. 'पट्टी काढ, रॉकेल लाव' म्हणालास, ते मला समजून घेता येत नाही. मी मीटर बिघडलंय समजून रस्त्यावर दगड मोजत होते, माझ्या वह्या खोट्या ठरतील या काळजीत दुकानात वजन विसरून येत होते, आणि तुला सगळं माहीत होतं. मेकॅनिकला नावं ठेवलीस ते वेगळंच. तो बिचारा बरोबर होता.

आता कामाचं. पाच तारखेला मी वह्या बाईंच्या टेबलावर ठेवणार. पहिल्या ओळीशेजारी पट्टीवरचा आकडा आणि फरक मी लाल पेनने लिहिला आहे. त्याच्यापुढे 'कारण' लिहायचं आहे. 'माहीत नाही' लिहिलं तर तू वाचतोस, कदाचित मीही वाचते. पण मला माहीत आहे.

ती जागा मी रिकामी ठेवली आहे. मी भरली तर तुझ्याविरुद्ध तक्रार होते. तू जाऊन भरलीस तर ती तक्रार नाही. पाच तारखेपर्यंत वेळ आहे. त्यानंतर जे असेल ते मी लिहीन.

तू काय करशील ते मला कळवू नकोस. तू पत्र लिहायला बसलास की छान लिहितोस.

गुंज


५ मार्च

गुंजे,

हे पत्र छान होणार नाही याची काळजी घेतो.

काल गेलो होतो. सकाळपासून तीनदा निघालो. एकदा छत्री विसरली म्हणून परत आलो, आणि आकाशात ढग नव्हता. एकदा फाटकापर्यंत जाऊन कुलूप लावलं का ते बघायला फिरलो. तिसऱ्यांदा चपलेचा बंद तुटला, चप्पल हातात घेऊन तसाच गेलो, कारण आता परतलो तर गेलो नसतो हे मला कळत होतं.

बाई पेन्सिलीला टोक करत होत्या. म्हणाल्या, "बसा. वह्या आणल्या?"

म्हटलं, "वह्या बहीण उद्या आणेल. मी त्यातली एक जागा भरायला आलोय." आणि सांगितलं. वाक्यं आधी पाठ केली होती, त्यातलं एकही वापरलं नाही.

त्यांनी पेन्सिल ठेवली. "मागे फिरवलंत."

"पुढे."

"पुढे?"

"हो."

त्यांनी पलीकडच्या टेबलाकडे मान वळवली. "अहो, ऐकलंत का, यांनी मीटर पुढे फिरवलंय." पलीकडचे गृहस्थ चष्मा वर करून माझ्याकडे बघायला लागले. त्यांनी विचारलं, "कशासाठी?" बाई म्हणाल्या, "वहीशी जुळावं म्हणून." मग त्या गृहस्थांनी खुर्चीच माझ्याकडे वळवून घेतली. तेव्हा मला जेवढं लाजल्यासारखं झालं तेवढं आत्यासमोर नापास झाल्याचं सांगतानाही झालं नव्हतं.

मी लिहून दिलं. तारीख, सही. त्या वर्षीची वजावट व्याजासकट परत भरायची आहे. नोंदणी आजपासून स्थगित, चौकशी संपेपर्यंत. दोन वर्षं तरी, असं त्या म्हणाल्या. स्वतःहून आलो म्हणून दोन, नाहीतर कायमची. उठताना मी त्या दंतवैद्याचंही सांगितलं, वही माझी आहे म्हणून. चहाचा डागसुद्धा. त्या म्हणाल्या, "तो आम्हाला माहीत होता. त्याच्या सबंध वहीत डाग एकच, आणि तो अगदी गोल."

आज पाटी काढली. चार स्क्रू होते, एक गंजला होता, तो निघायला वेळ लागला. भिंतीवर पाटीच्या आकाराची स्वच्छ जागा राहिली आहे.

एक गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी. मी निघत होतो तेव्हा बाईंनी तुझ्या वह्यांच्या झेरॉक्स पुढे ओढल्या आणि त्या उजव्या रकान्यावरून बोट फिरवत खालपर्यंत गेल्या. विचारलं, "मीटरचं कळलं. पण या बाई खरंच कुठे जात नाहीत?"

मी म्हटलं, "नाही." आणि मग माझ्या लक्षात आलं, की तीन वर्षं मी तुझी शून्यं भरून पाठवत होतो आणि हे मी तुला कधी विचारलं नव्हतं. तू कुठेच का जात नाहीस, गुंजे?

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. मला उत्तर मिळायचा अधिकार सध्या नाही.

दादा


२० मार्च

दादा,

वह्या मंजूर झाल्या. शंभर टक्के. बाईंनी लाल ओळीपुढे शिक्का मारला आणि म्हणाल्या, तुमचे भाऊ चप्पल हातात घेऊन आले होते. हे तू छत्रीच्या भानगडीत घाईघाईने उरकलं होतंस, मला वाटलं अतिशयोक्ती आहे. परवान्याचा अर्ज कालच टाकला. त्या वाक्याखाली सही करताना हात थांबला नाही.

तू विचारलंस ते. दोन दिवस विचार केला. वजनं असतात गाडीत, हे मी सगळ्यांना सांगते. मलाही तेच खरं वाटत होतं.

काल संध्याकाळी सगळी वजनं उतरवली. वीसच्या वीस, एकेक करून, जिन्याने वर. सहा वाजता सुरू केलं, सव्वासातला संपलं. मध्ये तीनदा बसले. शेवटचं वजन उतरवल्यावर व्हॅनचं मागचं अंग चार बोटं वर आलं. मी ओळखलीच नाही. शेजारचा बेकरीवाला म्हणाला, "ताई, गाडी नवीन घेतली?"

नवीन वही घातली आहे. रविवारची ओळ आजच लिहून ठेवली, माझ्या पद्धतीत हे बसत नाही, तरी. कुठून: कारखाना. कुठे: तुझ्याकडे. जाऊन-येऊन अंदाजे १८६ किलोमीटर. धंदा: शून्य. खासगी: १८६. 'कशासाठी' या रकान्यात काय लिहायचं ते सुचलं नाही, तर 'दादा' असं लिहिलंय. चालेल का ते तू सांगू नकोस, तुझी नोंदणी स्थगित आहे.

मी अजून रागावलेली आहे. तेवढं धरून चाल. पाटीच्या जागेवर काही लावू नकोस, मला बघायची आहे.

आणि न्हाणीघरातला काटा आधीच कपाटात ठेवून दे. मी त्याला हात लावणार नाही. लावला तर हे १८६ किलोमीटर धंद्यात जातील.

गुंज